जुना क्रमांक उघडलाच पाहिजे : मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचा बग-ट्रॅकर कसा बदलावा

विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाच्या बगझिलावर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या बगांच्या (त्रुटींच्या) नोंदी ठेवणाऱ्या ट्रॅकरवर, २००४ साली नोंदवलेला पहिला बग दस्तऐवजीकरण जुने आणि अपुरे असल्याबद्दलचा होता. नोव्हेंबर २०१४ मध्ये विकिमीडियाने बगझिला सोडून फॅब्रिकेटर हे दुसरे साधन स्वीकारले, तेव्हा त्या बगचा क्रमांक टी-२००१ झाला, कारण प्रत्येक जुन्या क्रमांकात सरसकट २००० मिळवायचे असे आधीच ठरले होते. नव्या जागी कामांची नोंद अगोदरच सुरू झालेली असल्याने सुरुवातीचे क्रमांक मोकळे नव्हते. तरीही कोणतेही कोष्टक न उघडता, तोंडी बेरीज करून जुन्या बगपर्यंत पोहोचण्याची सोय त्या एका निर्णयाने झाली. एखाद्या जुन्या कमिटच्या (कोडमधल्या नोंदवलेल्या बदलाच्या) संदेशात ‘बग ३५०००’ असे दिसले, तर टी-३७००० उघडायचे, एवढेच लक्षात ठेवावे लागते.

ट्रॅकर बदलण्याची चर्चा सुरू झाली, की बहुतेक वेळ कोणते साधन घ्यावे यावर खर्च होतो आणि जुन्या क्रमांकांचे काय होणार हा प्रश्न शेवटच्या आठवड्यात कोणाला तरी आठवतो. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. ट्रॅकरच्या आत जे आहे ते स्क्रिप्ट लिहून हलवता येते. पण बगचा क्रमांक ट्रॅकरच्या बाहेर कमिट-संदेशांत, कोडमधल्या टिप्पण्यांत, चाचण्यांच्या फाइलींच्या नावांत, प्रकाशन-टिपणांत, डेबियन किंवा फेडोरा या लिनक्स वितरणांच्या पॅचमध्ये (कोडच्या दुरुस्त्यांत) आणि वर्षानुवर्षांच्या ईमेलमध्ये पसरलेला असतो आणि त्यांतले जवळजवळ काहीही आपल्याला बदलता येत नाही. मराठी विकिपीडियाचे उदाहरण घेतले, तर नामविश्वांची (पानांच्या विभागांची) नावे किंवा संकेतस्थळाची मांडणी यांत बदल हवा असेल, तेव्हा समाजाचा कौल घेऊन त्याचा दुवा फॅब्रिकेटरवरील मागणीला जोडावा लागतो. बगझिलाच्या काळातल्या अशा मागण्यांचे दुवे चावडीच्या (तेथील चर्चेच्या जागेच्या) जुन्या पानांवर आजही आहेत, आणि अमुक निर्णय का झाला हे शोधणाऱ्या नव्या सदस्याला तेवढाच धागा हाती असतो. म्हणून पुढील सर्व सूचना एका कसोटीवर पारखून घ्याव्यात : दहा वर्षांपूर्वीचा क्रमांक हाती असलेला अनोळखी माणूस योग्य पानावर पोहोचेल का?

बदलायचे की नाही

ट्रॅकर बदलणे अपरिहार्य नसते. केडीई या डेस्कटॉप-सॉफ्टवेअर प्रकल्पाने २०२० मध्ये आपले कोड-परीक्षण फॅब्रिकेटरवरून गिटलॅब या कोड ठेवण्याच्या यंत्रणेवर नेले, पण बगांची नोंद बगझिलावरच ठेवली. कोड एका जागी आणि बग दुसऱ्या जागी, ही व्यवस्था पुष्कळांना गैरसोयीची वाटते, परंतु बग नोंदवणारे हजारो वापरकर्ते आणि कोड लिहिणारे काही शे जण यांच्या गरजा वेगळ्या असतील, तर ती समजून-उमजून केलेली निवड ठरू शकते. पायथन या प्रोग्रामिंग भाषेचा प्रवास याच्या उलट दिशेने झाला. सोर्सफोर्ज या सेवेवरचे बग २००७ मध्ये राउंडअप या ट्रॅकरवर आले, कोड फेब्रुवारी २०१७ मध्ये गिटहब या कोड ठेवण्याच्या सेवेवर गेला आणि त्यानंतरही पाच वर्षे बग राउंडअपवरच राहिले. मारियाता विजया यांनी लिहिलेला पेप ५८१ हा गिटहबवर जाण्याचा प्रस्ताव मे २०१९ मध्ये मान्य झाला, तर प्रत्यक्ष स्थलांतर एप्रिल २०२२ मध्ये पार पडले. निर्णय आणि कृती यांत जवळजवळ तीन वर्षांचे अंतर पडले, आणि एवढ्या मोठ्या प्रकल्पासाठी मला ते जास्त वाटत नाही.

चर्चेत कोणाला बोलवायचे याला फार महत्त्व आहे. कोड लिहिणारे आणि सांभाळणारे मेंटेनर सहसा स्वतःहून बोलतात. पण रोज सकाळी नव्या तक्रारी वाचून, डुप्लिकेट शोधून, नोंदवणाऱ्याला आवृत्ती विचारून छाननी करणारे स्वयंसेवक अनेकदा गप्प राहतात, आणि नव्या साधनाचा खरा भार त्यांच्यावरच पडतो. त्यांच्याकडून गेल्या महिन्यात वापरलेले शोध मागवावेत. ‘ज्या बगना सहा महिन्यांत उत्तर आलेले नाही आणि ज्यांना पॅच जोडलेला आहे’ अशा प्रकारचे पाच-सात शोध मिळतील; ते नव्या साधनात जसेच्या तसे करता येतात का, हे कोणत्याही वैशिष्ट्यांच्या तक्त्यापेक्षा अधिक काही सांगून जाते.

येण्याच्या वाटेबरोबर जाण्याची वाटही तपासून पाहावी. गुगल कोड ही प्रकल्प ठेवण्याची सेवा बंद होणार हे मार्च २०१५ मध्ये जाहीर झाले आणि जानेवारी २०१६ मध्ये ती सेवा मिटली. तेथील प्रकल्पांना जेमतेम दहा महिने मिळाले. विकिमीडियाने निवडलेल्या फॅब्रिकेटरचा विकास त्याच्या मूळ कंपनीने २०२१ मध्ये थांबवला, आणि पुढचे काम स्वयंसेवकांनी फोर्ज नावाच्या नव्या शाखेत चालू ठेवले. त्रिमितीय चित्रांचा ब्लेंडर हा प्रकल्पही फॅब्रिकेटरवर होता. तो फेब्रुवारी २०२३ मध्ये गिटी या यंत्रणेवर गेला आणि जाताना त्याने जुन्या कामांचे क्रमांक टिकवले. साधनाचे आयुष्य बगच्या क्रमांकापेक्षा कमी असते हे गृहीत धरूनच निवड करावी, म्हणजे सर्व नोंदी, टिप्पण्या आणि जोडलेल्या फाइली एकत्र बाहेर काढता येतात का, हे आताच एकदा करून पाहावे. सेवा दुसऱ्या कंपनीची असेल, तर ही तपासणी करार वाचून होत नाही, शंभर नोंदी प्रत्यक्ष उतरवून घेतल्यावरच होते.

क्रमांकांचे तीन मार्ग

पहिला आणि सर्वांत चांगला मार्ग म्हणजे क्रमांक तोच ठेवणे. लिबरऑफिसचे बग सुरुवातीला फ्रीडेस्कटॉप या वेगळ्या प्रकल्पाच्या बगझिलावर नोंदवले जात आणि कमिट-संदेशांत त्यांना ‘एफडीओ’ हा उपसर्ग लावलेला असे. जानेवारी २०१५ मध्ये लिबरऑफिसमागच्या डॉक्युमेंट फाउंडेशनच्या स्वतःच्या बगझिलावर ते हलवले, तेव्हा क्रमांक जसेच्या तसे राहिले आणि उपसर्ग मात्र ‘टीडीएफ’ झाला. गिटलॅबसारखी यंत्रणा स्वतःच्या सर्व्हरवर असेल, तर प्रशासकाला एपीआयमधून (प्रोग्रामसाठीच्या जोडवाटेतून) नोंदीचा क्रमांक आणि मूळ तारीख दोन्ही देता येतात, त्यामुळे रिकाम्या प्रकल्पात हे सहज साध्य होते. अट एकच, की आयात पूर्ण होईपर्यंत तेथे कोणीही नवी नोंद करता कामा नये. उत्साहाने उघडलेली एक ‘चाचणी’ नावाची नोंद पहिला क्रमांक अडवून बसते.

दुसरा मार्ग विकिमीडियाचा, म्हणजे ठरावीक संख्या मिळवण्याचा. नवी जागा थोडी भरलेली असेल आणि जुने क्रमांक सलग असतील, तर हा मार्ग उत्तम. मिळवायची संख्या मात्र गोल घ्यावी. १,८४७ मिळवण्याने शे-दीडशे क्रमांक वाचतील, पण ती बेरीज कोणी मनात करणार नाही.

तिसरा मार्ग कोष्टकाचा, आणि गिटहबवर जुन्या रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) जाणाऱ्या प्रकल्पांना बहुधा तोच उरतो, कारण गिटहबवर इश्यू (बगची नोंद) आणि पुल रिक्वेस्ट (कोडमधला बदल स्वीकारण्याची विनंती) यांची क्रमांकमालिका एकच असते. पायथनचे कोड गिटहबवर पाच वर्षे आधीच आल्यामुळे हजारो क्रमांक पुल रिक्वेस्टनी घेतलेले होते. त्यामुळे राउंडअपवरील प्रत्येक नोंदीला नवा क्रमांक मिळाला. गोंधळ टाळण्यासाठी जुन्या क्रमांकाला ‘बीपीओ’ (जुन्या ट्रॅकरच्या bugs.python.org या पत्त्यावरून) आणि नव्याला ‘जीएच’ (गिटहब) हा उपसर्ग लावण्याची शिस्त ठेवली गेली, आणि आयात झालेल्या प्रत्येक इश्यूच्या माथ्यावर जुना बीपीओ क्रमांक लिहिलेला आहे, म्हणजे शोधपेटीत जुना क्रमांक घातला तरी नवी नोंद सापडते. उपसर्गाची ही शिस्त स्थलांतराच्या दिवशी लावू नये. ते ठरल्याच्या दिवसापासून, म्हणजे वर्षभर आधीच लावावी. उपसर्ग नसलेला नुसता आकडा नव्या जागी भलत्याच नोंदीकडे बोट दाखवतो, आणि तुटलेल्या दुव्यापेक्षा चुकीच्या पानावर नेणारा दुवा अधिक घातक असतो, कारण तुटलेला दुवा निदान लक्षात येतो.

कंपायलर बनवण्याची साधने पुरवणाऱ्या एलएलव्हीएम प्रकल्पाचे उदाहरण या बाबतीत विशेष बोलके आहे. तेथे बगला पूर्वीपासून ‘पीआर’ म्हणत, म्हणजे ‘प्रॉब्लेम रिपोर्ट’. गिटहबवर मात्र तीच अक्षरे पुल रिक्वेस्टसाठी रूढ आहेत. बगझिलावरून गिटहबवर जाण्याचे काम २०२१ च्या अखेरीस झाले, तेव्हा रिपॉझिटरीतल्या असंख्य चाचण्यांच्या फाइलींच्या नावांतच ‘पीआर’ आणि पाठोपाठ जुना क्रमांक होता. त्या फाइलींची नावे बदलणे म्हणजे त्यांचा इतिहास गढूळ करणे. म्हणून नावे तशीच राहिली आणि प्रकल्पाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर तिरप्या रेघेपुढे ‘पीआर’ आणि क्रमांक टाकला, की नवी नोंद उघडेल अशी वाट कायम ठेवली गेली. असा छोटा पत्ता प्रत्येक प्रकल्पाने आपल्या डोमेनवर आजच तयार करावा, स्थलांतराचा विचार नसला तरीही. ‘बग’, तिरपी रेघ, क्रमांक, एवढाच पत्ता लोकांना लिहिण्याची सवय लागली, की पुढे ट्रॅकर कितीही वेळा बदलला, तरी एकाच जागी रीडायरेक्ट (नव्या पत्त्याकडे वळवणारी सूचना) बदलावा लागतो.

रकान्यांची भाषांतरे

बगझिलामध्ये बगची स्थिती, निकाल, तीव्रता, प्राधान्य, घटक, आवृत्ती, अवलंबित्व, डुप्लिकेट, मते, झेंडे असे कितीतरी रकाने असतात; गिटहबवरचा इश्यू मुळात उघडा किंवा बंद, आणि बाकी बरेचसे लेबलांवर सोपवलेले. प्रत्येक रकान्यातल्या प्रत्येक मूल्याचे लेबल करण्याचा मोह होतो, आणि मग दोनशे लेबलांची यादी तयार होते, जी छाननी करणारा कोणीही वापरत नाही. त्याऐवजी डेटाबेसमधून प्रत्येक मूल्य गेल्या दोन वर्षांत किती वेळा माणसाने मुद्दाम बदलले, ते मोजावे. तीव्रतेचा रकाना बहुतेक नोंदींत मूळ मूल्यावरच पडून असेल, तर त्याचे लेबल न करता ती माहिती नोंदीच्या माथ्यावर मजकूर म्हणून लिहावी. ती शोधता येते, आणि कोणाच्या वाटेतही येत नाही.

‘दुरुस्त झाले’, ‘दुरुस्त करणार नाही’, ‘आमच्याकडे घडत नाही’ आणि ‘डुप्लिकेट’ हे चार निकाल मात्र एकमेकांत मिसळू देऊ नयेत. ‘दुरुस्त करणार नाही’ असा निकाल दिलेली नोंद नव्या जागी नुसती ‘बंद’ दिसली, तर नवा योगदाता ती दुरुस्त झाली असे समजून पुढच्या नोंदीकडे वळेल, आणि त्यामागची कदाचित अर्धा दिवस चाललेली चर्चा कोणी वाचणार नाही. डुप्लिकेटचा दुवा तर दोन्ही बाजूंनी जपावा, कारण लोकांच्या हाती असलेला क्रमांक पुष्कळदा डुप्लिकेटचाच असतो.

मजकुरात दडलेले सापळे

येथे थोडे थांबून पाहावे लागेल, कारण सर्वांत मोठे नुकसान येथेच होते आणि ते आयात संपल्यावरच दिसते. वापरकर्ता प्रोग्राम कोसळल्याचा मजकूर बगमध्ये चिकटवतो. जीडीबी हे डिबगर (चुका शोधण्याचे साधन) त्या मजकुरातल्या प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला हॅशचे चिन्ह (#) आणि आकडा छापते, म्हणजे हॅश शून्य, हॅश एक, हॅश दोन आणि पुढे. बगझिलासाठी हा साधा मजकूर असतो. गिटहब किंवा गिटलॅब मात्र हॅश आणि आकडा दिसला, की त्याचा त्या क्रमांकाच्या नोंदीकडे जाणारा दुवा करतात आणि त्या नोंदीवर ‘येथे उल्लेख झाला’ अशी खूणही टाकतात. दहा हजार बगमध्ये असे मजकूर असतील, तर पहिल्या वीस-तीस नोंदींवर हजारो निरर्थक उल्लेखांचा ढीग साचतो आणि त्या नोंदी वाचण्याजोग्या उरत नाहीत. ‘ॲट’ (@) या चिन्हाचेही तसेच आहे. जावाच्या कोडमधली ‘ॲट ओव्हरराइड’ ही खूण किंवा एलएलव्हीएमच्या मध्यवर्ती भाषेत प्रत्येक फंक्शनच्या नावापूर्वी येणारे ते चिन्ह नव्या जागी कोणा तरी वापरकर्त्याचा उल्लेख ठरू शकते, आणि ज्याचा प्रकल्पाशी काही संबंध नाही अशा माणसाला सूचना जाऊ शकते.

उपाय सोपा आहे, पण तो आयातीपूर्वी करावा लागतो. ओळीच्या सुरुवातीला हॅश, आकडा आणि त्यापुढे मेमरीचा पत्ता असा नमुना सलग तीन ओळींत दिसला, की तो सबंध भाग कोडच्या चौकटीत घालावा. कोडच्या चौकटीत दुवे आणि उल्लेख तयार होत नाहीत. उरलेल्या मजकुरात ‘बग’ या शब्दापुढे आलेला आकडा तेवढा कोष्टकातून पाहून नव्या क्रमांकाच्या दुव्यात बदलावा आणि बाकीच्या आकड्यांना हात लावू नये. आयातीची रंगीत तालीम झाली, की पहिल्या तीस नोंदी स्वतः उघडून पाहाव्यात. नमुना कोठे निसटला असेल, तर तो येथेच दिसतो.

मराठी, हिंदी किंवा अन्य भारतीय भाषांतला मजकूर असलेल्या प्रकल्पांनी आणखी एक खबरदारी घ्यावी. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘ज्ञ’ हे एक अक्षर ज, हलन्त आणि ञ मिळून नऊ बाइटांचे होते. शीर्षक २५५ बाइटांवर कापणारी स्क्रिप्ट इंग्रजी शीर्षकांना धक्का लावत नाही, पण मराठी शीर्षक जोडाक्षराच्या मध्येच तोडू शकते आणि शेवटी प्रश्नचिन्हाची चौकट उरू शकते. याहून सूक्ष्म चूक म्हणजे ‘स्वच्छता’ म्हणून अदृश्य चिन्हे काढून टाकणे. ‘दुसऱ्या’ या शब्दातला अर्धा र अनेक कळफलक र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह या क्रमाने लिहितात. ते जोडचिन्ह गेले, की शब्द ‘दुसर्या’ असा दिसतो. बग नेमका फॉन्टचा किंवा कळफलकाचा असेल, तर नोंदवणाऱ्याने लिहिलेला तो शब्द म्हणजेच पुरावा असतो, आणि आयातीने पुरावाच पुसलेला असतो. म्हणून ऱ्या, ऱ्हा, ज्ञ, क्ष आणि इमोजी असलेली दहा नोंदींची एक संचिका तयार ठेवावी आणि प्रत्येक तालमीनंतर जुना व नवा मजकूर बाइटशः जुळतो का, ते यंत्राकडून तपासून घ्यावे.

माणसे, नावे, पत्ते

बगझिलामध्ये माणसाची ओळख बहुधा ईमेल पत्त्यावरून होते. नव्या जागी त्याचे खाते असेलच असे नाही. विकिमीडियाने यावर चांगला तोडगा काढला. आयात केलेल्या टिप्पण्या आधी ‘बीझेडइम्पोर्ट’ नावाच्या खात्याकडे ठेवल्या गेल्या, आणि एखाद्या व्यक्तीने फॅब्रिकेटरवर तोच ईमेल पत्ता पडताळून दिला, की तिच्या जुन्या नोंदी तिच्या नावावर लावल्या जात. यात कोणाचा पत्ता जाहीर झाला नाही, आणि कोणाचे श्रेय कायमचे बुडाले नाही. जेथे अशी सोय नाही, तेथे टिप्पणीच्या वर मूळ लेखकाचे जाहीर नाव आणि तारीख मजकुरात लिहावी, ईमेल मात्र कधीही लिहू नये. जुन्या ट्रॅकरवर तो फक्त प्रवेश केलेल्यांना दिसत होता. नव्या जागी तो शोधयंत्रांनाही दिसेल.

सूचनांच्या ईमेलबद्दल मी स्वानुभवाने लिहितो. भाषासाधनांच्या एका लहान प्रकल्पात आम्ही तालमीसाठी जुन्या डेटाबेसची प्रत घेतली आणि नव्या यंत्रणेतले ईमेल बंद केले. पण जुन्या ट्रॅकरवर ‘ही नोंद हलवली आहे’ अशी टिप्पणी टाकणारी स्क्रिप्ट चुकून खऱ्या ट्रॅकरकडेच वळलेली होती. सुमारे चारशे नोंदींवर टिप्पण्या पडल्या आणि एका दीर्घकाळच्या स्वयंसेविकेला एका रात्रीत दोनशेहून अधिक ईमेल गेले. तिने शांतपणे सर्व नोंदींवरून आपले नाव काढून घेतले आणि ती परत यायला बरेच महिने लागले. तेव्हापासून मी दोन्ही बाजूंची, म्हणजे जुन्या आणि नव्या, दोन्ही यंत्रांची ईमेल-सेवा तालमीपूर्वी सर्व्हरच्या पातळीवरच बंद करतो. केवळ ट्रॅकरच्या पर्यायांवर विसंबत नाही.

सुरक्षेशी संबंधित गुप्त बग सर्वसाधारण आयातीत कधीही घेऊ नयेत. गिटलॅबवर एखादी नोंद गोपनीय ठेवता येते. गिटहबच्या सार्वजनिक रिपॉझिटरीत मात्र एकटा इश्यू खाजगी करता येत नाही, त्यामुळे तेथे वेगळी खाजगी रिपॉझिटरी किंवा सुरक्षा-सूचनांची सोय वापरावी लागते. जुन्या ट्रॅकरवर गटबंदी असलेल्या नोंदी, खाजगी टिप्पण्या आणि खाजगी जोडफाइली या तिन्हींची यादी वेगवेगळी काढावी, कारण उघड्या बगमध्ये एखादीच खाजगी टिप्पणी असणे ही नेहमीची गोष्ट आहे आणि ती स्क्रिप्टच्या नजरेतून सहज सुटते. आयातीनंतर, कोणताही प्रवेश न केलेल्या ब्राउझरमधून त्या यादीतला प्रत्येक पत्ता उघडून पाहावा.

वेळेचे गणित आणि गोठवण्याचा दिवस

गिटहबच्या एपीआयला एका खात्यावरून तासाला ५,००० विनंत्या करता येतात, पण नवा मजकूर तयार करणाऱ्या विनंत्यांवरची मर्यादा त्याहून पुष्कळ कडक, तासाला सुमारे ५०० आहे. पन्नास हजार बग आणि प्रत्येकी सरासरी पाच टिप्पण्या धरल्या, तर एकेक टिप्पणी वेगळी पाठवण्याच्या पद्धतीने तीन लाख विनंत्या होतात, आणि त्या गतीने ६०० तास, म्हणजे पंचवीस दिवस लागतील. प्रकल्प पंचवीस दिवस गोठवता येत नाही. म्हणून मोठ्या प्रकल्पाने अशा वेळी सेवा देणाऱ्यांशी आधीच बोलून सबंध आयातीची सोय मागावी. लहान प्रकल्पाने एक बग त्याच्या सर्व टिप्पण्यांसह एकाच विनंतीत पाठवण्याची पद्धत वापरावी. तीत मूळ तारखा टिकतात आणि सूचनाही जात नाहीत. जोडफाइली मात्र तेथे अशा पद्धतीने चढवता येत नाहीत. त्या आपल्याच डोमेनवर, जुन्या क्रमांकाच्या पत्त्यावर ठेवाव्यात.

निदान दोन पूर्ण तालमी कराव्यात आणि दुसऱ्या तालमीचा वेळ घड्याळ लावून मोजावा. विकिमीडियाने शुक्रवार, २१ नोव्हेंबर २०१४ रोजी बगझिला गोठवले आणि सोमवारी, २४ तारखेला फॅब्रिकेटर उघडले. मधले शनिवार-रविवार हा असाच मोजून घेतलेला वेळ होता. गोठवण्याचा दिवस प्रकाशनाच्या तारखेपासून लांब ठेवावा आणि या मधल्या काळात गंभीर बग आला तर तो कोठे सांगायचा, ते मुख्य पानावर लिहावे. परतीचा बिंदूही आधीच ठरवावा. ठरलेल्या तासापर्यंत नोंदींची एकूण संख्या, उघड्यांची संख्या आणि टिप्पण्यांची संख्या जुन्याशी जुळली नाही, तर जुना ट्रॅकर पुन्हा उघडायचा, आणि हा निर्णय कोणी एकीने किंवा एकाने घ्यायचा, तिचे किंवा त्याचे नाव सर्वांना ठाऊक असावे. थकलेल्या माणसांच्या समितीकडून पहाटे तीन वाजता असे निर्णय होत नाहीत.

नंतरचे वर्ष

जुना ट्रॅकर लगेच बंद करू नये. तो केवळ वाचनासाठी ठेवावा. पायथनचा जुना राउंडअप असाच वाचनासाठी चालू ठेवला गेला आणि तेथील नोंदीवरून नव्या इश्यूकडे जाता येते. विकिमीडियाच्या बगझिलाचे जुने पत्ते फॅब्रिकेटरकडे वळवले गेले, त्यामुळे विकीवरच्या पानांत जुन्या पद्धतीने लिहिलेले बगझिलाचे दुवेही चालत राहिले. एका नोंदीचा पत्ता, टिप्पणीपर्यंत नेणारा पत्ता, जोडफाइलीचा पत्ता आणि जतन केलेल्या शोधाचा पत्ता असे बगझिलाच्या पत्त्यांचे वेगवेगळे प्रकार असतात. पहिल्या तिन्हींचे रीडायरेक्ट करावे आणि चौथ्यासाठी एक साधे पान ठेवावे, ज्यावर नव्या जागी तोच शोध कसा करायचा ते लिहिलेले असेल.

जुन्या उघड्या नोंदी स्थलांतराबरोबरच घाऊक बंद करण्याची कल्पना दर वेळी पुढे येते. यादी आवरल्याचे समाधान त्यातून मिळते, पण पाच वर्षे वाट पाहिलेल्या वापरकर्त्याला स्थलांतराचा पहिला संदेश ‘तुमची तक्रार बंद केली’ असा मिळतो. तसे करायचेच असेल, तर सहा महिने थांबावे, घटकवार करावे आणि प्रत्येक घटकाच्या मेंटेनरने यादी स्वतः वाचल्याशिवाय करू नये.

बगझिलासारखी यंत्रणा वाचनापुरती ठेवली, तरी तिच्या सुरक्षेची काळजी घ्यावीच लागते, त्यामुळे वर्ष-दीड वर्षाने तिची एचटीएमएल पानांची स्थिर प्रत काढावी आणि मूळ प्रोग्राम उतरवावा. डेटाबेसची अखेरची प्रत घेताना तिची दोन रूपे करावीत. एक संपूर्ण, जी कूटबद्ध करून दोन विश्वासू प्रशासकांकडे राहील. आणि दुसरी सार्वजनिक, जिच्यातून पासवर्डचे अवशेष, ईमेल पत्ते, गुप्त नोंदी आणि खाजगी टिप्पण्या काढलेल्या असतील. क्रमांकांचे कोष्टक साध्या मजकुराच्या फाइलीत, एका ओळीत जुना आणि नवा क्रमांक अशा रूपात, प्रकल्पाच्या मुख्य रिपॉझिटरीतच ठेवावे, म्हणजे जो कोणी कोडची प्रत घेईल त्याच्याकडे ते आपोआप जाईल. जुन्या डोमेनचे आणि त्याच्या प्रमाणपत्राचे नूतनीकरण कोणाच्या वैयक्तिक खात्यावर असेल, तर ते संस्थेच्या नावावर करून घ्यावे. मग वर्षातून एकदा जुन्या कमिट-संदेशांतून आणि चाचण्यांच्या नावांतून वीस क्रमांक वाटेल तसे उचलून ते उघडतात का, ते पाहावे, आणि जो उघडणार नाही त्याची नोंद नव्या ट्रॅकरवर बग म्हणून करावी.